पायाखालचा लगाम



ज्या कामात दोन्ही हात गुंतलेले असतात आणि तरीही तिसऱ्या हाताची गरज भासत राहते, अशा कामात माणसाने नेहमीच पायाला मदतीस बोलावले आहे. शिंप्याचे पायमशीन पाहा, जुन्या संगीत नाटकांतील किंवा आमच्या चर्चमधील पायपेटी पाहा. आपल्याकडे सर्वत्र ज्याला ‘आर्गॉन वेल्डिंग’ म्हणतात आणि पुस्तकात ज्याचे नाव ‘टिग वेल्डिंग’ असे असते, ते काम याच जातीचे आहे. कारागिराच्या एका हातात टॉर्च, दुसऱ्या हातात भरणीची बारीक सळई, डोळ्यांपुढे काळी काच, आणि विजेचा प्रवाह चढवण्या-उतरवण्याची सारी जबाबदारी पायाखालच्या एका पेडलवर. आज या पेडलविषयी बोलावयाचे आहे. ते बिघडते म्हणजे नेमके काय बिघडते, त्याच्या वायरी पुन्हा कशा जोडाव्यात आणि नवे घ्यावयाचे झाल्यास काय पाहून घ्यावे, एवढाच आजचा विषय.

विषय क्षुद्र वाटेल. परंतु बेळगावच्या उद्यमबागेत, वडोदऱ्याच्या मकरपुऱ्यात किंवा इंदूरच्या सांवेर रोडवर ज्यांचा एखादा छोटा कारखाना आहे, त्यांना विचारून पाहावे. लाखभर रुपयांचे यंत्र ठणठणीत असते आणि पेडलमधील एका तुटक्या वायरीपायी ते दोन दोन आठवडे झाकून ठेवलेले असते. याहून वाईट म्हणजे, काम अडू नये म्हणून कोणी तरी त्या वायरी एकमेकींना पिळून ‘तात्पुरती’ सोय करतो, आणि ती तात्पुरती सोय वर्षभर टिकते. ही सोय कारागिराच्या जिवावर कशी बेतू शकते, ते पुढे ओघाने येईलच.

प्रथम या वेल्डिंगची ओळख. टंगस्टन नावाचा धातू सुमारे ३४२२ अंश सेल्सिअस उष्णतेवर वितळतो. धातूंमध्ये इतका चिवट दुसरा नाही. त्याची टोकदार काडी टॉर्चमध्ये बसवून तिच्यापासून कामापर्यंत विजेची ठिणगी अखंड पेटती ठेवायची, आणि भोवताली आर्गॉनसारख्या निष्क्रिय वायूचे पांघरूण घालून हवेतील प्राणवायूला दूर ठेवायचे, ही या पद्धतीची मूळ कल्पना. १९४१ च्या सुमारास कॅलिफोर्नियातील नॉर्थ्रॉप विमान कारखान्यात रसेल मेरेडिथ यांनी मॅग्नेशियमसारखा जळाऊ धातू जोडण्यासाठी ती प्रत्यक्षात आणली; १९४२ मध्ये त्यांना तिचे पेटंट मिळाले. त्यांनी वापरला होता तो हेलियम वायू. आर्गॉन पुढे रूढ झाला. आपण श्वासात घेतो त्या हवेतही तो शेकडा एकाच्या किंचित खाली असतोच.

आता या साऱ्यात पायाचे काय काम? अॅल्युमिनियमची पट्टी वेल्ड करताना त्याचे उत्तर मिळते. हा धातू सुमारे ६६० अंशांवर वितळतो, पण त्याच्या अंगावर ऑक्साइडची जी अदृश्य साय असते तिला वितळण्यास दोन हजारांहून अधिक अंश लागतात. शिवाय तो उष्णता झपाट्याने अंगभर पसरवतो. म्हणून सुरुवातीला थंड कामावर भरपूर प्रवाह द्यावा लागतो; चार बोटे शिवण पुढे गेली, काम तापले, की तोच प्रवाह अति होतो आणि क्षणात भोक पडते. शिवण संपवतानाही प्रवाह एकदम तोडला तर शेवटच्या वाटीसारख्या खळग्यात तडा जातो. तो हळूहळू उतरवून, खळगा सळईने भरून मगच थांबावे लागते. कपबशी बसवलेल्या पट्टीवरून हात हळूच काढून घ्यावा, तसे हे आहे. टॉर्चवरच्या बटणाने आणि यंत्राच्या ठरीव चढ-उताराने हे काही प्रमाणात साधते, पण अनोळखी, वेड्यावाकड्या, जुन्या कामाची डागडुजी करताना पायाची सर त्याला येत नाही, असे माझे मत आहे.

पेडल उघडून पाहिले तर आत फार काही नसते, आणि हेच पाहून पुष्कळांची निराशा होते. एक छोटा मायक्रोस्विच असतो. पाऊल किंचित दाबले की ‘टक्’ असा आवाज होऊन तो मिटतो आणि यंत्राला ‘सुरू हो’ अशी आज्ञा जाते. दुसरा भाग म्हणजे पोटेन्शिओमीटर, कारखान्यातील भाषेत ‘पॉट’. पाऊल खाली जाते तशी एक दातेरी पट्टी सरकते, ती एका लहान दातेरी चाकाला फिरवते आणि चाक पॉटचा दांडा फिरवते. जुन्या रेडिओचा आवाज कमीजास्त करण्याचा जो खुंटा आपण फिरवत आलो, त्याच्या मागे हाच भाग असतो.

पॉटला तीन पाय असतात. दोन टोकांच्या मधोमध कार्बनचा किंवा बारीक तारेचा एक ठरावीक रोध असलेला गोल मार्ग असतो, आणि मधला पाय म्हणजे त्या मार्गावरून फिरणारी सरकपट्टी. यंत्र एका टोकाला, पुष्कळ यंत्रांच्या बाबतीत, १० व्होल्टचा दाब देते. दुसरे टोक शून्यावर असते. सरकपट्टी जिथे उभी असेल तिथला दाब ती परत यंत्राकडे पाठवते. पाव वाटेवर अडीच व्होल्ट, अर्ध्या वाटेवर पाच. यंत्र हे व्होल्ट वाचते आणि त्या प्रमाणात अँपिअर सोडते. १० व्होल्ट आणि १० हजार ओहमचा पॉट असेल तर त्यातून वाहतो केवळ एक सहस्रांश अँपिअर. दोनशे अँपिअरच्या ज्वालेचा लगाम इतक्या नाजूक धाग्यात असतो. म्हणून तर जमिनीवरची धूळ, लोखंडाचा कीस आणि ग्राइंडरची पूड पेडलमध्ये शिरली की यंत्र वेड्यासारखे वागू लागते.

म्हणजे एकंदर वायरी पाच: दोन स्विचच्या, तीन पॉटच्या. कोठे कोठे सहावी असते, ती पेडलच्या लोखंडी अंगाची किंवा केबलवरच्या जाळीच्या आच्छादनाची. ठिणगी पेटवण्यासाठी यंत्र जो उच्च वारंवारतेचा दाब सोडते, तो या बारीक वायरींत शिरून गोंधळ घालतो; आच्छादन त्याला अडवते. ही वायर ‘कामाची नाही’ म्हणून कापून टाकणारे पुष्कळ असतात. तसे करू नये.

आता निदान. या तीन वायरींचे तर्कशास्त्र एकदा ध्यानात घेतले म्हणजे पेडल न उघडताही दोष कोठे आहे हे बरेच कळते. शून्याकडच्या टोकाची वायर तुटली, तर सरकपट्टी कोठेही असो, तिच्यावर पूर्ण १० व्होल्ट उभे राहतात. परिणामी पाऊल जेमतेम टेकताच यंत्र पूर्ण जोराने भडकते. सर्व दोषांत हा घातक. पातळ पत्र्याला तर हातभर भोक पडेलच, पण दचकलेला कारागीर टॉर्च कोठे नेईल याचा नेम नाही. याउलट १० व्होल्टची वायर तुटली, तर सरकपट्टीवर नेहमी शून्य; ज्वाला पेटते पण मिणमिणत राहते, पाय कितीही दाबा. मधल्या पायाची वायर तुटली तरीही बहुधा असेच मिणमिणते, कारण यंत्राच्या त्या बाजूस काहीच पोहोचत नाही. आणि ज्वाला मुळी पेटतच नसेल, तर दोष स्विचकडे शोधावा. पाय स्थिर असताना ज्वाला एकाच विशिष्ट जागी थरथरत असेल, तर पॉटचा मार्ग त्या जागी झिजला आहे असे समजावे.

मात्र हे सारे करण्यापूर्वी एक साधी गोष्ट पाहावी. यंत्राच्या तोंडावरील निवडबटण पेडलकडे वळवलेले आहे ना? कित्येक ‘बिघडलेली’ पेडले या एका बटणाने दुरुस्त होतात. शिवाय अनेक यंत्रांत तोंडावरचा अँपिअरचा आकडा ही पेडलची वरची मर्यादा असते. तो ५० वर ठेवला असेल तर पाय कितीही दाबला तरी ५० च्या वर जाणार नाही. हा दोष नव्हे, ही सोय आहे.

तपासणीसाठी यंत्र बंद करून भिंतीतील प्लगही काढावा. यंत्राचा डबा मात्र उघडू नये. इन्व्हर्टर यंत्रातील मोठ्या कपॅसिटरांत प्लग काढल्यानंतरही काही काळ जीवघेणा विद्युत्भार साठून राहतो, आणि आपले काम त्या डब्यात नाहीच. पेडलची केबल यंत्रापासून सोडवून घ्यावी आणि तिच्या प्लगच्या पिनांवरच मल्टिमीटर लावावा. स्विचच्या दोन पिनांमध्ये पाय वर असताना रोध अमर्याद, पाय दाबताच जवळजवळ शून्य. पॉटच्या दोन टोकांमध्ये पाय हलवला तरी आकडा बदलू नये. तोच पॉटचा खरा रोध. शून्य टोक आणि मधला पाय यांच्यामध्ये मात्र पाय दाबत जाल तसा आकडा सरळ चढत गेला पाहिजे. मधेच तो उडी घेत असेल, तर पॉट गेला. या एका कामासाठी आकडे दाखवणाऱ्या मीटरपेक्षा जुना काट्याचा मीटर अधिक उपयोगी. काट्याचा झटका डोळ्याला लगेच दिसतो, बदलते आकडे वाचता वाचता तो निसटून जातो. हे वाचन चालू असतानाच सोबत्याला केबल हळूहळू वाकवत जाण्यास सांगावे. वायर जिथे आतून तुटली असेल तिथे काटा उडेल. दहापैकी आठ वेळा ती जागा पेडलच्या तोंडाशी किंवा प्लगच्या मानेशी असते, कारण केबलला तिथेच सारखी वाकवण मिळते.

असे असल्यास उपाय स्वस्त आहे. त्या टोकाची वीतभर केबल कापून टाकावी आणि उरलेली पुन्हा जोडावी. पण कात्री चालवण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन आकृती काढावी: कोणत्या पिनेपासून कोणत्या रंगाची वायर निघते आणि ती पॉटच्या कोणत्या पायाला जाते. रंगांवर विश्वास ठेवू नये. एकाच कंपनीच्या दोन पेडलांत रंग निराळे असू शकतात, आणि मध्ये कोणी दुरुस्ती केली असेल तर विचारूच नये. मीटरने प्रत्येक वायर स्वतः तपासून मगच लिहावी. प्लगच्या पिना पाहतानाही नजर फसते: समोरून पाहिलेला क्रम मागून, म्हणजे डाख देण्याच्या बाजूने, आरशातल्या प्रतिमेसारखा उलटा दिसतो. प्रत्येक पिनेशेजारी बारीक अक्षर किंवा अंक कोरलेला असतो. भिंग घेऊन तो वाचावा, मोजत बसू नये.

डाख देताना आधी प्लगचे टोपण, केबल आवळणारी पकड आणि प्रत्येक वायरीवरची आकसणारी नळी केबलवर चढवून घ्यावी. पाचही डाख उत्तम बसल्यावर टोपण टेबलावरच राहिले आहे असे लक्षात येण्यासारखा दुसरा वैताग नाही. वायरीच्या टोकाला आणि पिनेच्या वाटीला वेगवेगळे कथिल चढवावे, मग दोन्ही एकत्र तापवून एकजीव करावे, आणि थंड होईपर्यंत हात हलू देऊ नये. शेवटी पकड वायरींवर नव्हे तर केबलच्या बाहेरच्या जाड सालीवर आवळावी. नाहीतर प्रत्येक ओढीचा ताण डाखांवर येतो आणि महिन्याभरात पहिले पाढे पंचावन्न.

पॉटच बदलावयाचा असेल तर दोन गोष्टी जपाव्यात. पहिली, रोध. तो १०, २५ किंवा ४७ हजार ओहम असा यंत्रागणिक निराळा असतो. जुन्या पॉटवर छापलेला किंवा यंत्राच्या पुस्तिकेत दिलेलाच घ्यावा. तीन वायरींच्या पद्धतीत थोडा फरक खपून जातो, कारण तिथे यंत्र प्रमाण पाहते. पण काही यंत्रे दोनच वायरी वापरून प्रत्यक्ष रोध मोजतात, तिथे अजिबात खपत नाही. दुसरी गोष्ट अधिक फसवी आहे. रेडिओच्या आवाजाचा पॉट आपल्या कानाच्या स्वभावाला धरून बनवतात. त्याचा रोध प्रथम सावकाश आणि शेवटी झपाट्याने वाढतो. तो पेडलमध्ये घातला तर पाऊल निम्मे खाली गेले तरी ज्वाला जेमतेम जागी होते आणि शेवटच्या बोटभर अंतरात सारा प्रवाह अंगावर येतो. पेडलला सरळ चढणारा पॉट हवा. आशियाई बनावटीच्या बहुतेक पॉटांवर त्याची खूण ‘बी’ अक्षराने असते, आवाजाच्या पॉटवर ‘ए’. तरी दुकानातच मीटर लावून, दांडा मध्यावर आणून, रोध निम्मा येतो की नाही ते पाहावे.

नवा पॉट जोडताना मधला पाय कोणता ते पक्के करून घ्यावे. दोन टोकांची अदलाबदल झाली तर फार बिघडत नाही. पेडल उलटे चालते, दाबल्यावर ज्वाला मंदावते, आणि दोन वायरी बदलल्या की काम भागते. परंतु मधला पाय आणि एखादे टोक यांची अदलाबदल झाली, तर पायाच्या एका टोकाच्या स्थितीत १० व्होल्टचा दाब सरळ शून्याला भिडतो, आणि यंत्रातील तो नाजूक भाग जळण्याचा संभव असतो. शंभर-दोनशे रुपयांच्या पॉटपायी हजारोंचे मंडल घालवू नये.

मग दातेरी चाकाची जुळणी. पाय पूर्ण वर असताना पॉट शून्याच्या अगदी जवळ हवा, आणि पाय पूर्ण खाली असताना दुसऱ्या टोकाच्या जवळ. पण त्याच्या आतल्या अडणीवर आदळता कामा नये, नाहीतर कारागिराच्या वजनाने दांडा पिळून निघेल. चाकाचा ग्रब स्क्रू सैल करून, मीटर लावूनच ही जागा ठरवावी आणि मग स्क्रू घट्ट करावा. स्विच मात्र सर्वांत आधी, पॉट हलू लागण्यापूर्वीच, मिटला पाहिजे. तो उशिरा मिटला तर ज्वाला पेटते तीच चढ्या प्रवाहावर.

संपूर्ण पेडलच नवे घ्यावयाचे तर केवळ प्लग यंत्रात बसतो एवढ्यावर जाऊ नये. मिलर कंपनीच्या १४ पिनांच्या जोडणीत ए आणि बी या पिना स्विचच्या असतात आणि त्यांवर २४ व्होल्टचा प्रत्यावर्ती दाब असतो. सी वर १० व्होल्ट, डी शून्य, आणि ई वर सरकपट्टी. लिंकन कंपनीच्या ६ पिनांच्या जोडणीत मात्र ए, बी, सी या पॉटच्या आणि डी, ई स्विचच्या. अक्षरे तीच, अर्थ उलटा. एकाची आकृती पाहून दुसऱ्याचा प्लग जोडणारा मनुष्य स्विचचा दाब पॉटच्या वाटेने यंत्राच्या नाजूक भागात पाठवतो. स्वस्त आयात यंत्रांत तर स्विचला दोन पिनांचा एक प्लग आणि पॉटला निराळा, असेही आढळते. काही फार जुन्या ट्रान्सफॉर्मर यंत्रांत पेडलच्या स्विचवर शंभराहून अधिक व्होल्ट खेळत असतात. तेथे साल गेलेली केबल म्हणजे केवळ बिघाड नव्हे, धोका होय.

आता ती ‘तात्पुरती सोय’. स्विचच्या दोन वायरी पिळून ठेवल्या की यंत्र सुरू असेपर्यंत टॉर्च सतत जिवंत राहतो. ज्वाला नसतानाही टंगस्टनच्या काडीवर ६० ते ८० व्होल्ट उभे असतात. कोरड्या दिवशी, कोरड्या हातमोज्यांत कदाचित काही होणार नाही; पण कोकण-गोव्याच्या पावसाळ्यात, घामाने भिजलेल्या अंगाने, होडीच्या इंधनटाकीत वाकून बसलेल्या मुलाचा दंड त्या काडीला लागला, तर भोवतालचा सारा धातू दुसऱ्या टोकाला जोडलेलाच असतो. पाय उचलला की वीज बंद, ही त्या मुलाची एकमेव खात्री, आणि तीच आपण पिळून टाकलेली असते. शाळा सोडून वेल्डिंगच्या कामाला लागलेली पंधरा-सोळा वर्षांची मुले मी पाहतो. त्यांना यंत्र असेच मिळते, आणि ते तसेच असते असे ती धरून चालतात. मालकांना माझी विनंती एवढीच की, पेडल दुरुस्त होईपर्यंत टॉर्चवरचे बटण जोडून घ्यावे. ते हात सोडताच बंद होते.

दुरुस्तीनंतरची पहिली चाचणी भंगाराच्या तुकड्यावर घ्यावी. यंत्राची वरची मर्यादा ४०-५० अँपिअरवर ठेवावी, म्हणजे जोडणीत चूक असलीच तर ज्वाला आवरती राहील. पाय हळूहळू खाली न्यावा, तसाच वर आणावा; ज्वाला कोठेही न दचकता मागे आली पाहिजे. पाय पूर्ण उचलताच ती विझली पाहिजे, आणि आर्गॉन त्यानंतर काही सेकंद वाहत राहिला पाहिजे; तो थांबेपर्यंत टॉर्च तिथेच धरावा, नाहीतर तापलेले टंगस्टन हवेत काळे पडते. हे जमले म्हणजे मर्यादा नेहमीच्या कामाइतकी करावी. साध्या पोलादाला जाडीच्या दर मिलिमीटरमागे चाळीसेक अँपिअर, हा कारखान्यातला ढोबळ हिशेब पुरे आहे.

पेडलची केबल टॉर्चच्या जाड केबलवर गुंडाळू नये, दोन्ही हातभर अंतराने न्याव्यात. झाकण लावण्यापूर्वी आतली पूड ब्रशने झाडावी आणि सरकत्या भागांना ग्रीसचे बोट लावावे, पॉटला नव्हे. आणि आपण काढलेली ती आकृती, तिच्यावर पॉटचा रोध आणि तारीख लिहून, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून झाकणाच्या आतल्या अंगाला चिकटवून ठेवावी.